आधी चिप भरू द्या : गाडीचा विमा विकणाऱ्या कंपन्यांना कुडाळच्या एका काच फिटरचं खुलं पत्र

गाडीचा विमा विकणाऱ्या सगळ्या कंपन्यांचे साहेब लोक आणि त्यांच्या क्लेम विभागातले सगळे, यांना

स.न.वि.वि.

मी कुडाळचा. मुंबई-गोवा हायवेला लागून माझं गाड्यांच्या काचांचं दुकान आहे, दुकान म्हणजे पुढे पत्र्याची शेड, आत काचा उभ्या करायचे लाकडी स्टँड आणि बाजूला एक लहानशी खोली. १९ वर्षं झाली हेच काम करतोय. शिकलो तेव्हा जीप, ट्रॅक्स, जुन्या ॲम्बॅसेडर यायच्या, त्यांची काच रबरात बसायची, रबराच्या खाचेत सुतळी भरायची आणि एकाने बाहेरून काच दाबून धरायची, दुसऱ्याने आतून सुतळी ओढत न्यायची की रबर पत्र्यावर चढत जायचं. आता काच रबरात नाही, गोंदावर बसते. त्या गोंदाबद्दलच अर्धं पत्र आहे त्यामुळे जरा दम धरून वाचा.

हे लिहायची वेळ आली ती गेल्या महिन्यात आलेल्या एका मेलमुळे. तुमच्यातल्या एका कंपनीचा मेल. नाव घेत नाही, कारण आज एकीने केलं ते उद्या बाकीच्याही करतील असं मला दिसतंय आणि मला भांडण एका कंपनीशी करायचं नाहीये. मेल चार ओळींचा होता. यापुढे सिंधुदुर्गातल्या गाड्यांचं काचेचं कॅशलेस काम (म्हणजे बिल कंपनीने थेट दुकानाला द्यायचं) फक्त कोल्हापूर आणि गोव्यातल्या ठरवून दिलेल्या वर्कशॉपमध्ये होईल, इथल्या दुकानांचे करार पुढे चालू ठेवणार नाही, आपल्या सहकार्याबद्दल आभार. कारण काहीच दिलेलं नाही. फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणतो वरून आलंय.

वरून आलंय ते खाली कसं उतरतं ते सांगतो. देवगडच्या माणसाच्या काचेला तडा गेला तर त्याने ती तडकलेली काच डोळ्यासमोर घेऊन फोंडा नाहीतर करूळ घाट चढायचा, कोल्हापूर गाठायचं, तिथे गाडी लावायची, मुक्काम करायचा नाहीतर एसटीने परत यायचं आणि पुन्हा गाडी आणायला जायचं. टॅक्सीवाला असेल तर दोन दिवसांचं भाडं बुडालं. आणि तडा गेलेल्या काचेतून रात्री समोरून हेडलाईट आला की काय होतं ते तुमच्यातल्या कुणी बघितलंय का? तो एक लाईट राहत नाही, तड्याच्या सगळ्या रेघेवर फुटतो आणि दोन-तीन सेकंद रस्ता दिसतच नाही. घाटात, धुक्यात, पावसात दोन-तीन सेकंद खूप झाले. हे नको असेल तर इथे स्वतःच्या खिशातून काच बदलायची आणि मग रिइम्बर्समेंटच्या मागे लागायचं, ते किती जणांना जमतं?

आता तुम्हाला वाटेल ह्याचा करार गेला म्हणून हा ओरडतोय. करार गेला त्याचं वाईट वाटलंच, खोटं कशाला बोलू. पण हिशोब बघा. एक काच बदलली की मला हजार-दीड हजार सुटतात. चिप, म्हणजे काचेवरचा छोटा टवका, भरली तर सगळं वजा जाता साडेतीनशे, फार तर चारशे. आणि या पत्रात मी तुमच्याकडे मागतोय ते हे की काचा कमी बदला आणि चिपा जास्त भरा. माझ्या दुकानाच्या फायद्याचं नाही हे.

चिप म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण हे पत्र गाडीवाले पण वाचणार आहेत. पुढची काच एक नसते, दोन काचा असतात आणि मध्ये पीव्हीबी नावाच्या पारदर्शक प्लास्टिकचा पातळ थर, साधारण पाऊण मिलिमीटरचा. म्हणून पुढच्या काचेला दगड लागला तरी ती बाजूच्या काचेसारखी साखर होऊन अंगावर पडत नाही. आपल्याकडे खडीचे डंपर, चिऱ्याचे ट्रक आणि २०११ पासून चालू असलेलं हायवेचं काम, एवढ्यावर काय तो अंदाज करा, खडी टायरखालून उडते नाहीतर न झाकलेल्या हौद्यातून पडते आणि मागच्या गाडीच्या काचेवर येऊन आदळते. (जादा माल भरला तर २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असा दंड कायद्यात २०१९ पासून आहे, पण डंपरवाल्यांचं पत्र मी वेगळं लिहीन, आज विषय तो नाही.) तो खडा बहुतेक वेळा फक्त बाहेरच्या काचेचा टवका उडवतो. आतली काच आणि मधला थर जसाच्या तसा असतो. त्या टवक्याला आम्ही चिप म्हणतो. कधी गोल असते, कधी अर्धचंद्र, कधी चारी बाजूंना बारीक पाय फुटलेले असतात, त्याला स्टार.

ही चिप भरता येते. एक रुपयाच्या नाण्याखाली झाकली जात असेल, काचेच्या कडेपासून चार बोटं तरी आत असेल, ड्रायव्हरच्या बरोबर नजरेसमोर नसेल आणि आतल्या काचेपर्यंत गेलेली नसेल तर अर्ध्या तासाचं काम. आधी टवक्यातली भुकटी सुईने काढायची, पावसाळा असेल तर आतला ओलावा हलक्या गरम हवेने घालवायचा, ही पायरी आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत चुकवून चालतच नाही. मग त्यावर छोटा स्टँड चिकटवायचा, त्यातल्या पिचकारीने आधी हवा ओढून घ्यायची आणि मग रेझिन, म्हणजे पातळ पारदर्शक राळ, दाबायचं, पुन्हा ओढायचं, पुन्हा दाबायचं. आरशाचा तुकडा मागून धरून मी बघत असतो, स्टारचे काळे पाय असतात ते रेझिन शिरलं की एकेक करून विझत जातात. शेवटचा पाय हट्टी असतो, त्याला बाहेरून टोकाशी हलकंसं दाबावं लागतं, मग तोही जातो. मग यूव्ही दिवा लावून रेझिन कडक करायचं, ब्लेडने वरचं खरवडून सपाट करायचं, पॉलिश करायचं. पूर्ण नाहीशी होत नाही हे मी प्रत्येक गिऱ्हाईकाला आधी सांगतो, तिथे बारीक डाग राहतो, पण तिथून पुढे तडा पळत नाही. आणि मुख्य म्हणजे कारखान्यात बसवलेली मूळ काच जागेवरून हलत नाही. मी याचे सहाशे रुपये घेतो.

तरी महिन्याला माझ्याकडे जेवढ्या काचा बदलायला येतात त्याच्या निम्म्यानेही चिपा भरायला येत नाहीत. का, तर तुमच्यामुळे.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. वेंगुर्ल्याचे एक रिटायर गुरुजी आले, छोटी हॅचबॅक, काचेच्या डाव्या बाजूला खाली मसुराच्या डाळीएवढी चिप, तीन पाय फुटलेले. मी म्हटलं सहाशे रुपये, बसा, चहा घेईपर्यंत होईल. तर म्हणाले, "अरे, ह्या एवढ्याश्या टिपक्याक सहाशे रुपये कशाक? माझो इन्शुरन्स आसा मां फुल." आणि माझ्यासमोरच टोल फ्रीला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडची मुलगी अगदी नीट बोलत होती, तिची काही चूक नाही. ती म्हणाली सर, रिपेअरची रक्कम तुमच्या कंपल्सरी डिडक्टिबलपेक्षा कमी आहे त्यामुळे क्लेम बनत नाही. (डिडक्टिबल म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये गिऱ्हाईकाने स्वतः सोसायची ठरलेली रक्कम.) गुरुजींनी विचारलं, मग तडा गेला आणि काच बदलायची झाली तर? ती म्हणाली हो सर, तेव्हा करू शकता. गुरुजींनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले. मी चिपवर सेलोटेप लावून दिला, धूळ पाणी जाऊ नये म्हणून, सांगितलं की एसीचा झोत काचेवर सोडू नका, दोन दिवसांत येऊन भरून घ्या. ते "बघतंय" म्हणून गेले.

जूनच्या पहिल्या पावसात आले. गाडी वेंगुर्ल्याच्या बंदरावर उन्हात उभी होती, काच तापलेली, बसल्याबसल्या एसी फुल केला आणि पाच मिनिटांत वरून पाऊस आला. "टक् करून आवाज इलो, अडकित्त्यान सुपारी फोडल्यासारखो," असं ते सांगत होते. तडा डाव्या कोपऱ्यातून निघून वळण घेत थेट त्यांच्या नजरेसमोर येऊन थांबलेला. ती काच आता भरता येणार नव्हती.

बिल झालं ९,७०० रुपये. काच आणि मजुरी ८,२००, गोंदाचं किट ९००, बीडिंग, म्हणजे काचेच्या कडेची पट्टी, ६००. तुम्ही काचेला घसारा लावत नाही हे चांगलं आहे, पण बीडिंग रबराचं म्हणून निम्मं कापलं, गोंदाचं किट कंझ्युमेबल, म्हणजे वापरून संपणारी वस्तू, म्हणून पूर्ण कापलं, वर १,००० डिडक्टिबल. तुमच्या खात्यातून गेले ७,५००. गुरुजींच्या खिशातून गेले २,२००. आणि त्यांचा ३५ टक्क्यांपर्यंत आलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर आला, पुढच्या रिन्यूअलला साधारण पावणेदोन हजार तिथे जास्त जाणार, नंतर तो बोनस पुन्हा २० टक्क्यांपासून चढवायचा. सहाशे रुपयांत भागणारं काम. ते सहाशे तुम्ही दिले असते तर तुमचेच सहा हजार नऊशे वाचले होते, हे तुमच्या ऑफिसात एवढी हुशार माणसं असून कुणी मांडून बघितलं नाही याचं मला खरंच नवल वाटतं. अमेरिकेत बऱ्याच विमा कंपन्या चिप भरायला डिडक्टिबल घेतच नाहीत, त्या काही धर्मादाय म्हणून करत नसतील.

१५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला १,००० आणि त्यावरच्या गाडीला २,००० डिडक्टिबल, आणि चिप भरायचा खर्च जवळजवळ सगळीकडे त्याच्या आतच. म्हणजे ज्या कामाने मोठं नुकसान टळतं त्याला तुमच्याकडून कधीच पैसे मिळणार नाहीत आणि ते मोठं नुकसान झालं की मिळतील. लोक काय करणार? थांबतात. मुद्दाम थांबणारे पण आहेत, चिपवर गरम पाणी ओतून तडा पाडून आलेला माणूस मी बघितलाय. मी त्याला रागावलो, पण घरी जाऊन विचार केला तर राग त्याचा नव्हता.

माझ्या शेडच्या मागे या, काढलेल्या काचांचा ढीग आहे. बाजूच्या काचा भंगारवाला नेतो, पुढच्या काचा नेत नाही कारण मधलं प्लास्टिक सुटत नाही. एकेक काच बारा-पंधरा किलोची. पावसाळ्यात त्यांच्या खोलगट भागात पाणी साचतं, दर दोन दिवसांनी ओतून टाकावं लागतं नाहीतर डास होतात. त्यातल्या बऱ्याच काचांवर बोट ठेवून मी तुम्हाला दाखवू शकतो की तडा कुठून सुरू झाला. एक टिपका असतो तिथे. भरता आला असता असा.

आता दुसरी गोष्ट, आणि ही जास्त गंभीर आहे.

जुलैत मालवणची एक गाडी आली. तक्रार काय, तर पुढे डाव्या बाजूला पायाखाली पाणी येतं. कार्पेट पिळलं तर वाटीभर पाणी निघालं. विचारलं काच बदलली होती का, म्हणाले फेब्रुवारीत, घाटावरच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये, कॅशलेस, सकाळी गाडी दिली दुपारी मिळाली, खूप फास्ट सर्व्हिस. मी वायपर काढले, खालचं प्लास्टिक काढलं. नीट बसवलेली काच काढायची तर दोन माणसं लागतात, एक आत एक बाहेर, मधून कटिंग वायर घालून करवतीसारखी ओढत न्यायची, अर्धा तास घाम निघतो. मी वायर हातात घेण्याआधी सहज आत बसून दोन्ही तळहात काचेला लावले आणि दाबलं. काच सुटली. डावी बाजू पूर्ण सुटून वर आली, केळीचं सोपट सुटावं तसा आवाज करत.

मी आणि माझ्याकडचा पोरगा बघतच राहिलो. खाली पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, काच बसवायचा खरा गोंद अर्ध्याच भागात होता, बाकीच्या भागात जुन्या गोंदावर सिलिकॉन मारलेलं. तेच सिलिकॉन जे बाथरूमच्या टाईल्सला मारतात. जुना गोंद कापताना पत्रा खरवडला होता, तिथे प्रायमर, म्हणजे गोंदाआधी लावायचा गंज रोखणारा थर, लावलाच नव्हता, आणि आपली हवा खारी, पाच महिन्यांत तिथे गंजाचे पापुद्रे आले होते, बोटाने उचलले की पडत होते. पाणी तिथूनच शिरत होतं. मी आधी काही बोललो नाही, फोटो काढले. मग त्यांना विचारलं डाव्या सीटवर कोण बसतं. ते म्हणाले आई, मागे बसली की तिला गाडी लागते.

हे का सांगतोय ते कळावं म्हणून थोडं सविस्तर लिहितो. १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलना ड्रायव्हरशेजारच्या सीटलाही एअरबॅग सक्तीची झाली. ती शेजारची एअरबॅग डॅशबोर्डमधून वर उघडते आणि बहुतेक गाड्यांत काचेला टेकून माणसाकडे येते. काच जागेवर राहिली तरच ती आधार देते. काच माझ्या दोन तळहातांनी सुटत असेल तर एअरबॅगच्या धक्क्याने ती बाहेर जाईल आणि तिच्यासोबत एअरबॅगही. गाडी उलटली तर छपराला पण त्या काचेचा आधार असतो. म्हणजे काच हा आता गाडीच्या सांगाड्याचाच भाग आहे आणि तिला सांगाड्याला धरून ठेवणारी एकच वस्तू आहे, तो काळा गोंद. तोच तुम्ही कंझ्युमेबल म्हणून कापता.

नऊशे रुपये कापले की फिटर काय करतो? चांगला असेल तर गिऱ्हाईकाकडून मागतो आणि गिऱ्हाईक म्हणतं कॅशलेस आहे ना मग कसले पैसे. दुसरा असेल तर दोन गाड्यांना एक किट पुरवतो. तिसरा सिलिकॉन मारतो. आमच्या धंद्यातले असे लोक आहेत हे मी नाकारत नाही, माझ्या ओळखीतले आहेत, त्यांना मी तोंडावर बोललोय. पण तुमचे दर त्यांना सोयीचे आहेत आणि मला गैरसोयीचे, हे पण खरं.

आणि वेळ. पीयू हवेतल्या ओलाव्याने सेट होतो, किती वेळात गाडी चालवायला द्यायची ते ट्यूब बनवणाऱ्याने लिहून दिलेलं असतं, कुठल्या गोंदाला एक तास, कुठल्याला सहा, कुठल्याला त्याहून जास्त. मास्किंग टेप एक दिवस ठेवायची, एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची म्हणजे दरवाजा लावला की आतल्या हवेचा दाब ताज्या गोंदावर येत नाही, दोन दिवस प्रेशरने गाडी धुवायची नाही. पण तुमच्याकडून फोन येतो की डिलिव्हरीचा फोटो चार वाजेपर्यंत अपलोड करा, केस आज क्लोज झाली पाहिजे. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तर गिऱ्हाईकही डोक्यावर उभं असतं, "माका गाडी आजच होयी, चाकरमानी रात्रीच्या गाडयेन येतले." गिऱ्हाईकाला मी समजावू शकतो, तो माझ्या गावचा आहे, चहा पाजून बसवतो. तुमच्या सिस्टिमला कसं समजावू? तिथे गोंद सुकायला किती तास लागणार हे लिहायला रकानाच नाहीये.

नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअर मंडळींबद्दल माझी तक्रार नाही. एकेका माणसाकडे दोन-दोन जिल्हे असतात, बिचारे मोटारसायकलवरून पावसात येतात. बरेचसे माझ्याएवढंच जाणतात. त्यांनाही वरून दर ठरवून दिलेले असतात.

तर माझ्या मागण्या अशा आहेत, आणि त्या मला एकट्यासाठी नकोयत.

पहिली. चिप भरायचे पैसे तुम्ही द्या, पूर्ण, डिडक्टिबल न लावता आणि नो क्लेम बोनसला हात न लावता. वर्षाला दोन चिपा असं बंधन घाला हवं तर. फोटो पाठवला की एका दिवसात हो किंवा नाही कळवा, चिप जास्त थांबत नाही, धूळ आणि पाणी आत गेलं की रेझिन धरत नाही. आणि टोल फ्रीवर बसलेल्या मुलामुलींना एवढंच शिकवा की असा फोन आला तर आधी सांगायचं, सर त्यावर टेप लावा.

दुसरी. सिंधुदुर्गात आठ तालुके आहेत, रत्नागिरीत नऊ. काचेचं कॅशलेस काम घाट चढायला लावून करू नका, तो मेल मागे घ्या. दर्जाची काळजी असेल तर ती मलाही आहे. तुमचा माणूस पाठवा, आमची परीक्षा घ्या, काच बसवताना समोर उभा राहा, महिन्याने येऊन पाण्याचा पाईप मारून बघा. जो नापास होईल त्याचं नाव काढा, माझं असलं तरी. पण परीक्षा न घेता सगळा जिल्हा नापास करू नका. आणि तीच परीक्षा घाटावरच्या वर्कशॉपचीही घ्या.

तिसरी. पीयू किट आणि प्रायमर हे काचेसोबतच धरा, त्यांचे पैसे पूर्ण द्या. त्या बदल्यात आमच्याकडून पुरावा मागा, ट्यूबचा फोटो एक्सपायरी तारखेसकट, खरवडलेल्या जागी प्रायमर लावल्याचा फोटो, काच ठेवण्याआधी गोंदाची पूर्ण रेघ दिसेल असा फोटो. डिलिव्हरीचा हसरा फोटो मागता त्यापेक्षा हे मागा. सिलिकॉन दिसलं की बिल नामंजूर करा.

चौथी. क्लेमच्या फॉर्मवर काच किती वाजता बसवली आणि गाडी किती वाजता दिली हे दोन रकाने टाका. दोघांतलं अंतर ट्यूबवर लिहिलेल्या वेळेपेक्षा कमी असेल तर प्रश्न विचारा. आत्ता उशीर झाला की विचारता.

काच कोणती बसवली हे गिऱ्हाईकाला बिलावर कळलं पाहिजे. प्रत्येक काचेच्या खालच्या कोपऱ्यात छापलेला शिक्का असतो, बनवणाऱ्याचं नाव, आयएसआयची खूण, लॅमिनेटेड असल्याचं. त्याचा फोटो फाईलला लावा आणि गिऱ्हाईकाला पण पाठवा. नव्या गाड्यांत आरशामागे कॅमेरा असतो, लेन आणि ब्रेकसाठी, काच बदलली की तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, त्याचा खर्च त्याच क्लेममध्ये मंजूर करा, नंतर बघू म्हणून सोडू नका. नंतर कुणी बघत नाही.

गाडीवाल्यांना एकच सांगणं. ग्लोव्ह बॉक्समध्ये सेलोटेप ठेवा. क्लेम अडला, अन्याय झाला असं वाटलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी द्या, तिथे झालं नाही तर विमा नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल आहे, त्यापुढे विमा लोकपाल आहेत, आपल्यासाठी ते पुण्यात बसतात, तिथे वकील लागत नाही आणि फी पण नाही. मालवणच्या त्या कुटुंबाने तक्रार लेखी दिली आहे, मी माझे फोटो त्यांना सही करून दिलेत.

या पत्राची एक प्रत मी हैदराबादला विमा नियामकांकडे पण पाठवतोय.

मालवणच्या गाडीची ती सिलिकॉन लागलेली काच मी ढिगात टाकलेली नाही. शेडमध्ये उभी करून ठेवली आहे, कडेला गंजाचे पापुद्रे चिकटलेले तसेच आहेत. तुमच्यातल्या कुणालाही बघायची असेल तर या, सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत मी दुकानातच असतो. येताना तुमच्या गाडीच्या काचेवर खडा लागला तर काळजी करू नका, चिप भरून देईन, पैसे घेणार नाही.

आपला,
काच फिटर, कुडाळ, जि. सिंधुदुर्ग